पाटीवरची म्हैस

सोनमतीच्या दुकानात सात नावाची कॉफी भेटते.
मी सातई ओयखते, पिऊन नाई,
कॅनीतलं दूध किती उतरलं त्याच्यावून.

मोथ्याहून साडेपाचले निंगते,
लूनाले कॅन बांधून, लाईट लावला तरी धुकंच दिसते.
थे शटर वर करते. मशीन फुसकारते,
नवी व्यालेली म्हैस वगारीजवय येऊ देत नाई, तशी.

पयल्या दिवशी म्या इचारलं,
कायले व पोरी एवढी नावं? कॉफी त कॉफीच.
थे हासली. नागपुरात सा महिने कप धुतले तिनं,
मंग कुठं मशीनले हात लावू देल्ला.
म्हने, मावशी, बी एकच, याच डोंगरातली.
पुढचा फरक तुह्या कॅनीतला.

मांजरीच्या पिल्लाले पाजाव एवढुसाक कप.
बुडाले काया रस, वर भुरका तवंग.
"एस्प्रेसो. ह्याच्यात तुह्यं काई नाई."
मले रागच आला.
मंग त्याच्यातच उकयतं पानी ओतलं, झाली अमेरिकानो,
अन् पैसे जास्त!
पानी आमी टाकलं असतं
त गावानं कॅन उलटी करून पाह्यली असती.

मॅकियाटो म्हंजे म्हने डाग.
कायावर फेसाचा एकच ठिपका,
माह्या चांदरीच्या कपायावर हाय तेवढा.
हे मले लगेच समजलं.
कॉर्टाडो बटईची: अर्धं तिचं, अर्धं माह्यं, भांडन नाई.
कापुचिनोचा फेस त मी लहानपनापासून पाह्यते,
धार जोरात पडली का चरवीत असाच फुगते,
मिशीले लागते.
लाटे म्हंजे दूधच, कॉफी नावाले.
अमरावतीच्या पोरी हेच मागतात अन् फोटो काढतात.
एका गिलासात पाव लिटर जाते,
म्हनून माह्या आवडीची.

फ्लॅट व्हाईटनं मातर महिनाभर दमवलं.
लाटेच त हाय, लहान कपात!
सोनमतीनं माह्यं बोट फेसावर टेकवलं.
फुगा नाई, बुडबुडा नाई,
वगारीच्या कानाच्या आतली कातडी.
दूध कमी, कॉफीचं तोंड उघडं. बरं, म्या म्हनलं, हाय फरक.

भुरीचं दूध खव्यावाल्याले बांधलेलं.
दुकानाले चांदरीचंच.
अन् चांदरी गाभन, जेठात आटाले लागली.

सोनमतीनं पाटीवरून पयले लाटे पुसली.
आठ दिवसानं कापुचिनो. मंग फ्लॅट व्हाईट.
म्या म्हनलं, पाकीट आन ना व.
म्हने, फेस येते त्याले, वास येत नाई.
आखाडात गाड्याच गाड्या, पाहुने वलेचिप्प,
एक जन वरडला, लाटे नाही? कसलं कॅफे हे?
थे कप पुसत राह्यली.
"म्हैस गाभन हाय, साहेब. पोया झाल्यावर या."

कॉर्टाडो गेली.
तांब्याभर दूध निंगे तोवर डाग राह्यला,
मंग एक दिवस चांदरीनं लाथ झाडली
अन् मी रिकामी कॅन घेऊनच दुकानात गेली.
कायले गेली, मालूम नाई. सवय.

सोनमतीनं मांजरीचा कप पुढं सरकवला.
साखर मांगाले लाज वाटली.
पयला घोट कडुलिंबाचा,
दुसरा जयल्या भुईचा,
तिसऱ्याले कप सरला होता
पन जिभेवर कोनतरी बसूनच होतं.
एवढं सारं माह्या दुधाखाली होतं त!
दोन वर्स मी वरूनच पाह्यत होती.

पाटीवर दोनच नावं, काई काई जागा मोकयी.
तिथं तिनं खडूनं म्हैस काढली,
बसलेली, शिंगं मांगं, पोट हे मोठं.
म्या कप खाली ठेवला.
म्हनलं, कपायावरचा ठिपका राह्यला व.

तिनं खडू मले देल्ला.